साक्षीदाराचा खर्च: कोणी द्यायचा, कसा द्यायचा, कुठे थांबायचं

कोर्टात दावा चालू असलेल्या वाचकांकडून एक प्रश्न निरनिराळ्या रूपांत सतत येत असतो. कुणी विचारतं, "आमचा साक्षीदार रोजंदारीवर जातो. तारखेला आला की त्याची मजुरी बुडते. ती आम्ही दिली तर चालेल का?" कुणी विचारतं, "वकीलसाहेब म्हणतात, साक्षीदारासाठी दहा हजार रोख आणून द्या. द्यावेत का?" आणि काही जण इतके धास्तावलेले असतात की, साक्षीदाराला कोर्टाबाहेर चहा पाजला तरी केस जाईल या भीतीने सत्तरीतल्या शेजाऱ्याला पदरचे पैसे घालून एसटीने तालुक्याला यायला लावतात.

तर आधी हे स्पष्ट करून घ्या. साक्षीदाराचा खर्च देणं कायद्याला मान्य आहे. दिवाणी दाव्यात समन्स काढायचं तर तो आधी भरावाच लागतो. मान्य नाही ते साक्षीबद्दल पैसे देणं. खोटं बोलण्यासाठी पैसे दिले तर तो सरळ गुन्हा आहे. खरं बोलण्यासाठी गुपचूप पैसे दिले तरी त्या खऱ्या साक्षीवरचा विश्वास उडतो, आणि हे बहुतेकांना ठाऊक नसतं. चांगल्या, प्रामाणिक साक्षीदारांच्या साक्षी मी यापायी वाया गेलेल्या पाहिल्या आहेत, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितो आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम हे तीन नवे कायदे लागू झाले. खाली कलमं त्यांचीच दिली आहेत. दिवाणी प्रक्रिया संहिता मात्र १९०८ चीच आहे.

आधी साक्षीदार कोणत्या प्रकारचा, ते ठरवा

- घटनेचा साक्षीदार: ज्याने अपघात पाहिला, व्यवहाराच्या वेळी जो हजर होता, बांध कुठे होता हे ज्याला माहीत आहे. याला फक्त खर्च मिळू शकतो. जे पाहिलं ते सांगण्याची फी नसते.
- तज्ज्ञ: हस्ताक्षरतज्ज्ञ, मूल्यमापक, अभियंता. याला कामाची आणि वेळेची वाजवी फी घेता येते.
- सरकारी कर्मचारी: तलाठी, भूकरमापक, वैद्यकीय अधिकारी. हे कर्तव्याचा भाग म्हणून येतात. त्यांच्यासाठी कोर्टात जे भरायचं ते भरा, हातात काहीही देऊ नका. "साहेबांचं काहीतरी बघा" असं मधल्या कुणी सांगितलं तर तो साक्षीदाराचा खर्च नव्हे, ती लाच आहे. तिथे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लागतो आणि देणाराही अडकतो.

दिवाणी दावा असेल तर

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६ मध्ये सगळी पद्धत दिलेली आहे.

१. मुद्दे निघाल्यावर १५ दिवसांच्या आत साक्षीदारांची यादी दाखल करायची असते. ही तारीख वकिलांना आठवणीने विचारा. यादीत नाव नसलेला साक्षीदार नंतर आणायचा तर कोर्टाला सबळ कारण द्यावं लागतं.

२. समन्ससाठी अर्ज केला की कोर्ट ठरवेल त्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त सात दिवसांत, साक्षीदाराचा भत्ता कोर्टात भरायचा. यात जाण्यायेण्याचा व इतर खर्च आणि एका दिवसाच्या हजेरीची रक्कम येते. किती भरायचं ते कोर्ट ठरवतं. पावती घ्या आणि स्वतःच्या फाइलला लावा.

३. बेलीफ समन्स बजावायला जातो तेव्हाच ही रक्कम साक्षीदाराला द्यायची असते. ती मिळाली का, हे साक्षीदाराला विचारून घ्या.

४. समन्स स्वतः बजावण्याची परवानगी तुम्ही घेतली असेल, तर खर्च तुम्हीच साक्षीदाराला द्यायचा आहे. कायद्यातच तसं लिहिलेलं आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. फक्त तारीख, रक्कम आणि कारण लिहिलेली सही घ्या.

५. भरलेली रक्कम अपुरी पडली, किंवा साक्ष दुसऱ्या दिवसावर गेली, तर वाढीव रकमेचा आदेश कोर्ट देऊ शकतं. साक्षीदाराला "पुढच्या वेळी बघू" म्हणून परत पाठवू नका. त्याच दिवशी वकिलांना तोंडी विनंती करायला लावा.

साक्षीदार लांब राहत असेल तर आणखी एक नियम लक्षात असू द्या. कोर्टाच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या माणसाला १०० किलोमीटर किंवा त्याहून लांबून प्रत्यक्ष हजर राहायला सक्तीने बोलावता येत नाही. वाटेचा सहापैकी पाच भाग रेल्वे किंवा नियमित सार्वजनिक वाहनाचा असेल तर ही मर्यादा ५०० किलोमीटरपर्यंत जाते, आणि विमानभाडं भरलं तर त्याच्याही पुढे. याहून लांबच्या साक्षीदारासाठी कमिशन नेमून घेता येतं. मुलगा अमेरिकेत आहे, त्याच्या तिकिटाचे लाख-दीड लाख कुठून आणायचे, असं विचारणाऱ्यांनी व्हिडिओ कॉन्फरन्सचा अर्ज करावा. महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या मुंबईतल्याच खटल्यात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष अशी नोंदवायला सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच मान्यता दिली आहे.

समन्स न काढता साक्षीदार सोबत आणला तर

गावाकडचे बहुतेक साक्षीदार असेच येतात. वादी सकाळी जीप काढतो, वाटेत साक्षीदाराला घेतो, दुपारी कोर्टासमोरच्या हॉटेलात राइसप्लेट, संध्याकाळी परत. कायद्याने समन्सशिवाय साक्षीदार आणता येतो. त्याचं भाडं, जेवण, मुक्काम करावा लागला तर त्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी गावातल्या चालू दराने देण्यात मला गैर दिसत नाही. पण त्याच संध्याकाळी वहीत लिहा: तारीख, कशाचे किती, कुणाच्या हातात दिले. एसटीची तिकिटं आणि हॉटेलची बिलं जपा.

तरीही माझा सल्ला असा की, अगदी जिवाभावाचा साक्षीदार असला तरी समन्स काढून घ्या. कारखान्यात किंवा दुकानात काम करणाऱ्याला मालकाला दाखवायला कागद मिळतो, भत्ता कोर्टाच्या हिशेबात येतो आणि पुढचा प्रश्न निम्मा सोपा होतो.

उलटतपासणीतला तो एक प्रश्न

समजा, बांधाचा दावा आहे. शेजारचा शेतकरी तुमच्या बाजूने साक्ष देतो आहे. सरतपासणी नीट झाली. त्याने जन्मभर पाहिलेला बांध जसा होता तसा सांगितला. मग समोरचे वकील उठतात.

"आज कोर्टात कशाने आलात?"

"वादीच्या गाडीने."

"जेवण कुणी दिलं?"

साक्षीदार तुमच्याकडे बघतो. "माझं मीच जेवलो."

"वादीने तुम्हाला काही पैसे दिलेत?"

"नाही, नाही. एक रुपया नाही."

त्या दिवशी त्याला मजुरीचे पैसे दिलेले होते, आणि ते हक्काचे होते. ते देताना त्याला कुणीतरी बजावून ठेवलं, "पैशाचं विचारलं तर नाही म्हण." हॉटेलमधल्या माणसाने पाहिलेलं होतं आणि समोरच्या पक्षकाराने वकिलांच्या कानात सांगितलेलं होतं. आता बांधाबद्दल तो कितीही खरं बोलला असला तरी शपथेवर एक खोटं बोलल्याची नोंद झाली. साक्ष अधिनियमाच्या कलम १५८ नुसार साक्षीदाराने लाच किंवा दुसरं भ्रष्ट प्रलोभन घेतल्याचं दाखवून त्याची विश्वासार्हता मोडता येते. मजुरीचे पैसे काही प्रलोभन नव्हते, पण लपवल्यामुळे ते तसे दिसू लागले.

त्याच माणसाने "हो, वादीने आणलं, जेवू घातलं आणि माझी दिवसाची मजुरी बुडाली ती दिली" एवढं शांतपणे सांगितलं असतं, तर वकिलांना पुढे विचारायला फारसं काही उरलं नसतं. म्हणून साक्षीदाराला एवढंच सांगा: पैशाबद्दल विचारलं तर जे घडलं ते सांग. आणि पैसे देण्यापूर्वी स्वतःला विचारा, ही रक्कम कोर्टात मोठ्याने सांगता येईल का? नसेल तर देऊ नका.

फौजदारी खटल्यात जास्त जपा

इथे सरकार पक्षाचा साक्षीदार तुमचा नसतो, मग तुम्ही फिर्यादी का असेनात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५० प्रमाणे फिर्यादी आणि साक्षीदारांचा वाजवी खर्च सरकारने देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. फिर्यादीच्या घरच्यांनी साक्षीदारांची "सोय" करू नये. हेतू चांगला असला तरी बचाव पक्षाच्या हातात आयतं कोलीत मिळतं. साक्षीदाराची खरोखर अडचण असेल तर सरकारी वकिलांना किंवा खटल्याची पैरवी पाहणाऱ्या पोलिसाला सांगून कोर्टाकडे भत्त्याची मागणी करायला लावा.

आरोपीच्या बाजूने तर सरकार पक्षाच्या साक्षीदाराशी पैशाचा कोणताही संबंध नको. भाडं नको, उसने नकोत, "आजारपणासाठी मदत"ही नको. आरोपीला स्वतःचे बचावाचे साक्षीदार बोलवायचे असतील तर कोर्टाकडे अर्ज करता येतो, आणि त्यांचा खर्च आधी भरायला कोर्ट सांगू शकतं.

हे किती गंभीर आहे, त्याची दोन उदाहरणं देतो. जानेवारी १९९९ मध्ये दिल्लीत एका बीएमडब्ल्यू गाडीखाली सहा माणसं मेली. खटला चालू असताना २००७ साली एका वृत्तवाहिनीने छुपं चित्रीकरण दाखवलं. त्यात बचाव पक्षाचे ज्येष्ठ वकील आर. के. आनंद आणि सरकारी वकील खटल्यातल्या महत्त्वाच्या साक्षीदाराशी संधान बांधताना दिसत होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ साली दोघांनाही फौजदारी अवमानाबद्दल दोषी धरलं, चार महिने उच्च न्यायालयात आणि त्याच्या खालच्या कोर्टांत उभं राहायला मनाई केली आणि दोन-दोन हजारांचा दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली आनंद यांच्यावरचा ठपका कायम ठेवला, सरकारी वकिलांना अवमानातून मुक्त केलं. पुढे २०१२ साली आनंद यांची बिनशर्त माफी स्वीकारली गेली, तीही २१ लाख रुपये आणि वर्षभर मोफत कायदेशीर मदतीचं काम या अटींवर.

दुसरं उदाहरण साक्षीदाराच्या बाजूचं. वडोदऱ्याचा बेस्ट बेकरी खटला सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली महाराष्ट्रात वर्ग केला आणि तो मुंबईत चालला. त्यातल्या प्रमुख साक्षीदार महिलेने वारंवार जबाब फिरवला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला अवमानाबद्दल एक वर्षाची साधी कैद आणि ५०,००० रुपये दंड सुनावला, आणि तिच्याकडच्या मालमत्तेची प्राप्तिकर खात्याने चौकशी करावी असाही आदेश दिला. पैसे देणारे मागे राहतात आणि तुरुंगात साक्षीदार जातो, हे माझ्या मनाला फार लागतं.

तज्ज्ञाची फी

तज्ज्ञाशी बोलणी करताना फी आधी ठरवा, लेखी घ्या, बँकेतून द्या. तपासणीची फी आणि कोर्टात येण्याची फी वेगळी दाखवा. "अहवाल आपल्या बाजूने आला तर एवढे, नाही तर एवढे" किंवा "दावा जिंकलात तर वरचे इतके" अशी बोली करणारा तज्ज्ञ घेऊच नका. त्याच्या अहवालाला किंमत राहत नाही.

वकिलांची मर्यादा कुठे संपते

वकिलांनी साक्षीदाराला भेटावं, कागद दाखवावेत, कोर्टात काय होतं ते समजवावं. हे त्यांचं कामच आहे. साक्षीदाराच्या तोंडी उत्तरं घालणं म्हणजे पढवणं, आणि ते चूक आहे. दिवाणी दाव्यात सरतपासणी बहुधा प्रतिज्ञापत्रावर होते. ते प्रतिज्ञापत्र वकील तयार करतात, त्यामुळे सही करण्यापूर्वी साक्षीदाराला ते मराठीतून ओळ न ओळ वाचून दाखवायला सांगा. "मी असं म्हटलंच नव्हतं" हे उत्तर उलटतपासणीत आलं की दोघांचीही अडचण होते.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांतल्या या गोष्टी तुम्हाला माहीत असाव्यात:

- पक्षकार गैरमार्गाला जात असेल तर त्याला रोखण्याचा पुरेपूर प्रयत्न वकिलाने करायचा असतो. "पक्षकारानेच पैसे दिले, मला काय करायचंय" असं म्हणून सुटता येत नाही.
- तुमच्याकडून घेतलेल्या पैशांचा हिशेब वकिलाने ठेवायचा असतो आणि मागितल्यावर त्याची प्रत द्यायची असते.
- निकालावर अवलंबून फी किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवता येत नाही. अपघात भरपाईच्या दाव्यांत ही बोली सर्रास होते, आणि माझ्या मते "प्रत्यक्षदर्शी" विकत आणण्याचा मोह तिथूनच सुरू होतो.
- ज्या खटल्यात स्वतः साक्षीदार व्हावं लागेल असं वाटतं, तो वकिलाने घेऊ नये.

साक्षीदारच पैसे मागू लागला तर

"वीस हजार द्या, नाहीतर मी येत नाही." असा फोन आला की माणूस हबकतो आणि पहिली चूक करतो: घासाघीस करायला बसतो. तसं करू नका. दहा हजारांवर तोडलं तरी तुम्ही साक्ष विकत घेण्याच्या बोलण्यात उतरलातच.

- त्याला सांगा की नियमाप्रमाणे होईल तो खर्च कोर्टामार्फत मिळेल.
- वकिलांना समन्स काढायला सांगा. समन्स मिळूनही न येणाऱ्याविरुद्ध कोर्ट वॉरंट काढू शकतं, मालमत्ता जप्त करू शकतं, दंड करू शकतं. त्याच्या मर्जीवर सगळं अवलंबून नाही.
- मेसेज, कॉलची नोंद जपून ठेवा.
- दुसरा साक्षीदार किंवा कागद आहे का ते बघा. कोणतीही गोष्ट शाबीत करायला अमुक इतके साक्षीदार लागतातच असं कायदा म्हणत नाही. सातबारा, बँकेचा उतारा, मोजणीचा नकाशा हे पुष्कळदा माणसापेक्षा भक्कम ठरतात.

तोंडी कबूल केलेले पैसे साक्षीनंतर मिळाले नाहीत म्हणून एखादा साक्षीदार कोर्टात गेला, तर तिथे त्याला काही मिळणार नाही. साक्षीच्या मोबदल्याचा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याने करार कायद्याच्या कलम २३ खाली मुळातच निरर्थक ठरतो.

समोरच्या बाजूने तुमच्या साक्षीदाराला पैसे दाखवले किंवा धमकावलं तर

१. साक्षीदाराला ऐकलेलं सगळं त्याच दिवशी लिहून काढायला सांगा.

२. कोर्टात प्रतिज्ञापत्रासह अर्ज द्या. खोटी साक्ष द्यावी म्हणून धमकावणं हा न्याय संहितेच्या कलम २३२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. खोट्या साक्षीला कलम २२९ खाली न्यायालयीन कामात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि पैसे देऊन ती द्यायला लावणाऱ्यावर अपप्रेरणेचा गुन्हा लागतो. खोट्या साक्षीची तक्रार मात्र कोर्टामार्फतच होते. त्यासाठी त्याच कोर्टात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली अर्ज करायचा असतो.

३. फौजदारी खटल्यात जिवाची भीती असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करा. सर्वोच्च न्यायालयाने महेंद्र चावला खटल्यात २०१८ साली ही योजना देशभर लागू केली. जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती अर्जावर निर्णय देते. पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो. अर्जाला वकील नेमलेला असलाच पाहिजे असं नाही.

तुम्ही स्वतः साक्षीदार असाल तर

- पोलीस तपासासाठी बोलावतात तेव्हा स्त्रिया, १५ वर्षांखालची मुलं, साठीपुढचे पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या घराव्यतिरिक्त कुठेही यायला भाग पाडता येत नाही (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७९).
- कोर्टातून निघण्यापूर्वी हजेरीचा दाखला मागा. नोकरीच्या ठिकाणी तो लागतो.
- भत्ता मागायला संकोच करू नका. साक्ष संपल्यावर न्यायाधीशांसमोरच विचारता येतं.
- साक्षीदार हजर असताना खास कारण नोंदवल्याशिवाय तारीख पुढे ढकलू नये असा नियम फौजदारी खटल्यांत आहे (त्याच संहितेचं कलम ३४६). तुम्हाला पुन्हा पुन्हा हेलपाटे पडत असतील तर हे कोर्टाच्या निदर्शनास आणून द्या.

वकीलच साक्षीदाराच्या नावाने रोख मागत असतील तर

लगेच वाईट अर्थ काढू नका. समन्सचा भत्ता भरायलाच ते पैसे मागत असतील. विचारा: कोणत्या साक्षीदारासाठी, कोणत्या अर्जावर, कोर्टाने किती रक्कम सांगितली? पैसे त्यांच्या खात्यावर पाठवा आणि कोर्टाची पावती मागा. सरळ काम करणारे वकील या प्रश्नांनी दुखावत नाहीत.

उत्तर "ते तुम्हाला कशाला, साक्षीदार सांभाळावा लागतो" अशा धर्तीचं आलं तर देऊ नका. वकील बदलण्याचा तुम्हाला हक्क आहे. फी बाकी आहे म्हणून तुमची फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना खटल्यात २००० साली स्पष्ट केलं आहे. फीचा वाद असेल तर तो वेगळा लढावा लागतो. नवा वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

गैरवर्तनाची तक्रार, वकिलाची नोंदणी इथली असेल तर, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे करायची. तक्रारीत तारखा, रकमा, मेसेज आणि खातेउतारा द्या. नुसती "पैसे खाल्ले" अशी भाषा उपयोगाची नाही. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली शिस्तपालन समिती समज देऊ शकते, सनद काही काळ निलंबित करू शकते किंवा यादीतून नाव काढू शकते. निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील करता येतं, आणि तिथूनही ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात.